कमाई आहे, मग भांडवल का साचत नाही? मिनेसोटातल्या सोमाली व्यावसायिकांबद्दल

मिनियापोलिसमध्ये राहणाऱ्या एका मराठी ताईंनी विचारलं आहे: "आमच्या शेजारी एक सोमाली बाई राहतात. सोमाली मॉलमधल्या छोट्या गाळ्यात त्या कपडे विकतात. शेजारचा गाळा रिकामा होतोय, तो घेऊन दुकान वाढवायचं त्यांच्या मनात आहे. पण बँकेचं कर्ज नको म्हणतात, कारण त्यात व्याज आलं, आणि ते त्यांच्या धर्मात चालत नाही. यातून काही मार्ग आहे का? आणि एवढं राबूनही हा समाज गरिबीच्या आकडेवारीत वरच का दिसतो?"

मी या शहरात बरीच वर्षं लहान दुकानदारांचे हिशेब, कर आणि कर्जप्रकरणं बघतो. माझ्याकडे येणाऱ्यांत सोमाली मंडळी सगळ्यात जास्त. पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर, मार्ग आहे. दुसऱ्याचं उत्तर जरा लांबेल, कारण ज्याला लोक "गरिबी" म्हणतात त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत: कमाई कमी असणं, आणि आलेली कमाई न साचणं. माझ्या अनुभवात दुसरी गोष्ट जास्त भारी आहे.

आधी आकडा समजून घ्या. मिनेसोटात सोमाली वंशाचे लोक एक लाखाच्या आसपास आहेत, अमेरिकेत इतरत्र कुठेही एवढे नाहीत. त्यातले साधारण एक तृतीयांश दारिद्र्यरेषेखाली मोजले जातात. पण ही रेषा घरात माणसं किती त्यावर ठरते. 2025 साली एकट्या माणसासाठी ती साडेपंधरा हजार डॉलरच्या किंचित वर होती, सात जणांच्या घरासाठी 48,000 च्या वर. म्हणजे गोदामात पूर्णवेळ राबून वर्षाला 45,000 आणणारा बाप, घरात बायको, म्हातारी आई आणि चार पोरं असतील तर ते घर दारिद्र्यरेषेखाली. त्या घरात ओढाताण असते हे खरंच आहे. पण हा आकडा दाखवून "काम करायला नको यांना" असं कोणी म्हणालं की मला राग येतो. पहाटे चारला कामावर निघणारी माणसं मी रोज बघतो.

आता सुरुवात कुठून होते ते पाहू. जानेवारी 1991 मध्ये सोमालियातली सियाद बरेची राजवट कोसळली आणि देश यादवीत बुडाला. लाखो लोक सीमा ओलांडून केनियात गेले. दादाबच्या छावण्या तेव्हाच्या, आणि त्यात लहानाची मोठी झालेली, तिथेच लग्न झालेली माणसं आज माझ्यासमोर कागद घेऊन बसतात. आपल्याकडचा मुलगा एच-वन-बीवर येतो तेव्हा नोकरी आधी हातात असते, पदवी मानली जाते, पहिल्या महिन्यात पगार जमा होतो. निर्वासित कुटुंब उतरतं तेच कर्ज घेऊन. ते कर्ज असतं विमानाच्या तिकिटांचं! इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन फॉर मायग्रेशन ही संस्था तिकिटं काढून देते, पण उधारीवर. बिनव्याजी असते, मात्र आल्यावर सहाएक महिन्यांत हप्ते सुरू होतात. सहा-सात जणांचं कुटुंब असेल तर ती रक्कम काही हजार डॉलर भरते. पुनर्वसन संस्थेची सुरुवातीची मदत नव्वद दिवसांची. त्यात घर, शाळा, डॉक्टर, सोशल सिक्युरिटीचा नंबर, सगळं उरकायचं.

शिकलेल्यांचं दुखणं वेगळं. मोगादिशूचं राष्ट्रीय विद्यापीठ युद्धात बंद पडलं ते दोन दशकांहून जास्त काळ बंदच होतं. ज्या विद्यापीठाचं कार्यालयच उरलं नाही, तिथून गुणपत्रिका कोण पाठवणार? त्यामुळे तिकडे औषधशास्त्र शिकलेला माणूस इथे टॅक्सी चालवत म्हातारा झाला, अशी उदाहरणं जुन्या पिढीत पुष्कळ सापडतात.

काम मात्र मिळत गेलं. इंग्रजी न येणाऱ्याला कोण घेतं? मांस कापणारे कारखाने घेतात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मार्शल या गावातल्या टर्कीच्या कारखान्यात सोमाली कामगार आले, पुढे विलमर, फॅरिबॉल्ट, विस्कॉन्सिनमधलं बॅरन. मग विमानतळावरच्या टॅक्सी, मग शाकोपीचं ॲमेझॉनचं गोदाम. 2018 मध्ये तिथल्या पूर्व आफ्रिकी कामगारांनी अवूद सेंटर या संघटनेच्या आधाराने कंपनीच्या व्यवस्थापनाला चर्चेला बसवलं. कामाचा वेग, नमाजाची वेळ, रमजानमधला ताण हे त्यांचे मुद्दे. पुढे 2023 मध्ये मिनेसोटाने कायदा केला आणि गोदामातला कोटा कामगाराला लेखी सांगणं बंधनकारक झालं. उबर-लिफ्टच्या चालकांनीही 2024 मध्ये राज्याकडून किमान दर मंजूर करून घेतले, मैलाला 1.28 डॉलर आणि मिनिटाला 31 सेंट. त्या लढ्यात सोमाली चालक आघाडीवर होते. बिगरसोमाली चालकांना आणि गोदाम कामगारांनाही त्याचा फायदा झाला, हे कोणी फारसं बोलत नाही.

हे झालं कमाईचं. ती जाते कुठे?

सगळ्यात मोठी वाट मायदेशाची. माझ्याकडे येणाऱ्या एका दुकानदार बाईंच्या वहीत महिन्याच्या खर्चाचं पान आहे. घरभाडं, गाळ्याचं भाडं, किराणा, आणि त्याखाली चार नावं: बहीण मायदेशी बुरओ शहरात, दीर नैरोबीत, एक मावशी दादाबमध्ये, एका भाच्याची फी. कुणाला शंभर, कुणाला दीडशे डॉलर. कर भरताना मी विचारतो, "यातला कुठला खर्च पुढच्या वर्षी कमी करता येईल?" त्या भाड्यावर बोट ठेवतात, स्वतःच्या गाडीवर ठेवतात. त्या चार नावांवर कधीच ठेवत नाहीत. सोमालियाला बाहेरून वर्षाला जाणारा असा पैसा अब्जाहून जास्त डॉलरचा आहे आणि तिथल्या कित्येक घरांची चूल त्यावरच पेटते. दुष्काळ पडला की इथला आकडा वाढतो, म्हणजे नेमकं बचत करायच्या वेळी.

शिवाय तो पैसा पाठवणं हीच एक लढाई आहे. तिकडे बँका नव्हत्या, म्हणून हविलाद दुकानं उभी राहिली. इथे पैसे द्यायचे, तिकडे काही तासांत नातेवाइकाला मिळतात, आता तर थेट त्याच्या मोबाइलवर डॉलर जमा होतात. शंभराला पाच-सहा डॉलर खर्च येतो. दहाबशील ही त्यातली मोठी कंपनी 1970 साली बुरओत सुरू झाली. 7 नोव्हेंबर 2001 रोजी अमेरिकेने अल-बरकात या तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या कंपनीची कार्यालयं एका दिवसात सील केली, मिनियापोलिसमधलीही. दहशतवादाला पैसा पुरवल्याचा आरोप होता. पुढे 9/11 आयोगाच्या अभ्यासगटाला त्याचा पुरावा सापडला नाही, पण लोकांचे अडकलेले पैसे आणि गेलेली वर्षं कोण परत देणार? 2011 च्या अखेरीस मिनेसोटातल्या या दुकानांची खाती सांभाळणाऱ्या बँकेने खाती बंद केली. फेब्रुवारी 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या आणखी एका बँकेने तेच केलं. कंपन्यांवर रोकड जाहीर करून विमानाने दुबईला न्यायची वेळ आली. आणि 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेतून रोखीने बाहेर पाठवलेल्या पैशावर एक टक्का कर लागतो. बँक खात्यातून किंवा कार्डाने पाठवलं तर लागत नाही. आपण मराठी माणसं खात्यातून पाठवतो, आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. हविलादच्या काउंटरवर रोख मोजणाऱ्या म्हातारीला तो लागतो. तुमच्या शेजारीणबाईंना एवढं जरूर सांगा: डेबिट कार्डाने पैसे घेणारं दुकान शोधा.

दुसरी वाट ट्रकची, आणि इथे मला जास्त काळजी वाटते. गोदामाला कंटाळलेला तरुण ट्रकचा परवाना काढतो आणि "ट्रक तुझाच होईल" अशा भाडे-खरेदी करारावर सही करतो. नंतर आठवड्याचा हिशेबाचा कागद घेऊन माझ्याकडे येतो. नमुन्यादाखल आकडे देतो. मालवाहतुकीची जमा 5,500. डिझेल 1,700. ट्रकचा हप्ता 950. कंपनीचं कमिशन 825. विमा 350. ट्रेलरचं भाडं 250. टोल आणि टायर-दुरुस्ती 200. हातात 1,225. सत्तर तासांचं काम, म्हणजे तासाला साडेसतरा डॉलर, आणि त्यातून स्वयंरोजगाराचा कर अजून जायचाय. ट्रक आठवडाभर गॅरेजमध्ये पडला तर जमा शून्य, हप्ता मात्र चालू. करार मध्येच सुटला तर भरलेल्यातलं काही परत मिळत नाही. या तरुणाला नातेवाईक "मालक" म्हणतात. मी त्याला एकच गोष्ट विचारतो: करारात शेवटी ट्रकची किंमत किती लिहिली आहे आणि तो तुझ्या नावावर कधी होणार? बऱ्याच करारांत याचं सरळ उत्तरच नसतं. दोन वर्षं पगारी चालक म्हणून काढून, पैसे साठवून जुना ट्रक सरळ विकत घेणारे चांगले टिकतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तिसरी गोष्ट व्याजाची. आता तुमच्या शेजारीणबाईंकडे येतो.

त्यांना पैसे उभे करता येत नाहीत असं अजिबात नाही. बहुतेक त्या अय्यूतोत असतील. आपल्या भिशीसारखंच: बारा बायका, प्रत्येकी महिन्याला हजार डॉलर, दर महिन्याला एकीला बारा हजार. कागद नाही, जामीन नाही, आणि बुडवाबुडवी क्वचितच. मॉलमधले कित्येक गाळे या पैशावर उभे राहिले. अडचण अशी की बारा महिने वेळेवर भरलेले हजार डॉलर अमेरिकेच्या पतनोंदीत कुठेच दिसत नाहीत. दिसतात ते अचानक आलेले बारा हजार, आणि बँक विचारते, हे कुठून आले? म्हणून माझा आग्रह असतो की अय्यूतोची यादी लिहून ठेवा, नावं, तारखा, रकमा, आणि शक्यतो चेकने घ्या. आणखी एक अगदी महत्त्वाचं. दहा हजारांपेक्षा जास्त रोख भरली की बँक सरकारला कळवते, हे ऐकून लोक घाबरतात आणि सहा हजार आज, सहा हजार परवा असं भरतात. कळवणं टाळण्यासाठी रक्कम तोडून भरणं हाच गुन्हा आहे, पैसा कितीही घामाचा असला तरी. बारा हजार एकदम भरा, फॉर्म भरू द्या, यादी दाखवा. काही होत नाही.

अय्यूतो एका मर्यादेपर्यंत पुरते. गाळा उभा राहतो, गोदाम किंवा इमारत नाही. तिथे मुराबहा येतं. यात संस्था पैसे उसने देत नाही. तुम्हाला हवी ती वस्तू संस्था स्वतः विकत घेते आणि ठरलेला नफा चढवून तुम्हाला हप्त्याने विकते. समजा रॅक, आरसे, शिलाई मशीन आणि दुबईहून आलेले दिराक (सोमाली बायकांचे लांब झगे) मिळून 20,000 चा माल. संस्था तो घेईल, तुम्हाला 24,000 ला विकेल, महिन्याला 500 प्रमाणे 48 हप्ते. किंमत पहिल्या दिवशी ठरली ती ठरली, उशीर झाला म्हणून ती वाढत नाही. मिनियापोलिस शहराने आफ्रिकन डेव्हलपमेंट सेंटरबरोबर अशी योजना या शतकाच्या पहिल्याच दशकात सुरू केली. त्या संस्थेचे संस्थापक हुसेन समतार आधी बँकेत होते. श्रद्धा आणि बँक या दोन्हींची भाषा त्यांना येत होती. 2010 मध्ये ते शहराच्या शाळा मंडळावर निवडून आले आणि 2013 मध्ये अकाली वारले. त्यांनी घालून दिलेल्या वाटेवर आजही कामं होतात.

काही लोक म्हणतात, हे तर नाव बदललेलं व्याजच. धर्मशास्त्रात मी पडणार नाही. हिशेबनीस म्हणून एवढं सांगतो की फरक कागदावर खरा आहे: वस्तू आधी संस्थेच्या मालकीची व्हावी लागते. आणि इथेच बहुतेक प्रकरणं फसतात. बाई उत्साहाने आधीच मालाला बयाणा देऊन बसतात, मग माझ्याकडे येतात. जो माल तुम्ही घेऊन झाला तो संस्था तुम्हाला विकणार कसा? तेव्हा शेजारीणबाईंना आजच सांगा, कुणालाही पैसे देऊ नका, फक्त दरपत्रकं घ्या. गाळ्याचं डिपॉझिट आणि भाडं मुराबहात बसत नाही, त्याला विकायला वस्तू नाही. ते अय्यूतोतून काढायचं, माल आणि फर्निचर मुराबहातून. सोबत दोन वर्षांचे कराचे कागद, सहा महिन्यांचे बँकेचे उतारे आणि गाळ्याचा लेखी करार लागेल. करार तोंडी असेल तर आधी तो लेखी करून घ्या. दहा वर्षं एकाच गाळ्यात बसूनही हातात कागद नसलेली माणसं मला भेटतात. त्यांना उद्या उठ म्हटलं तर वाढवलेलं दुकान कुणाचं?

मॉलमधल्या धंद्याची आणखी एक मर्यादा आहे. दिराक, अत्तर, उंसी (धूप), सोनं, शाह (चहा) आणि सांबूसा, शेजारी शेजारी तेच गाळे, गिऱ्हाईकही तेच. एकाचा धंदा वाढला तर दुसऱ्याचा घटतो. म्हणून हुशार मंडळी मॉलबाहेर पडली, पण बऱ्याच जणांनी एकच दिशा धरली: घरपोच शुश्रूषा, पाळणाघरं, रुग्णांची ने-आण, दुभाषी सेवा. गरज खरी आहे, बायकांना यातून प्रतिष्ठेचं काम मिळालं. पण या सगळ्यांचा पैसे देणारा एकच, सरकार. त्याने हात आखडला की सगळे एकदम अडचणीत. 2022 मध्ये कोविडकाळातल्या मुलांच्या जेवण योजनेतला सुमारे 25 कोटी डॉलरचा गैरव्यवहार उघड झाला. ज्या संस्थेच्या नावाने तो ओळखला जातो, तिची संस्थापक श्वेतवर्णीय अमेरिकन. तिला मार्च 2025 मध्ये दोषी ठरवलं गेलं. आरोपींत सोमाली वंशाचे लोक मोठ्या संख्येने होते, हेही तितकंच खरं. चोरी ती चोरी, आणि ती गरीब मुलांच्या ताटातली. त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण त्यानंतर प्रामाणिक शुश्रूषा कंपन्यांची बिलं तपासणीत अडकली आणि तासावर काम करणाऱ्या बायकांचे पगार थकले, ते नुकसान कुणाच्या आरोपपत्रात येत नाही. त्यावर 2025 च्या डिसेंबरात ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉलमध्ये, स्थलांतरितांविरुद्ध केंद्र सरकारची मोठी कारवाई सुरू झाली आणि राष्ट्राध्यक्ष या समाजाबद्दल जाहीरपणे अपमानकारक बोलले. इथले बहुसंख्य सोमाली अमेरिकन नागरिक आहेत, अनेक इथेच जन्मलेले. तरी गिऱ्हाईक घराबाहेर पडेना, मॉलमधले गाळे बंद राहिले आणि हप्ते चुकले. अशा वेळी धनको संस्थेला आधीच फोन करून हप्ता पुढे ढकलून मागा. न सांगता चुकवलेला हप्ता आणि सांगून पुढे नेलेला हप्ता, यांत पुढच्या प्रकरणाला जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

नियम बदलले की हीच माणसं काय करतात, ते जगात इतरत्र दिसतं. नेदरलँड्समध्ये दुकान काढायला परवाने आणि प्रमाणपत्रांची रांग, म्हणून तिथलं नागरिकत्व मिळालेले कितीतरी सोमाली 2000 नंतर इंग्लंडमधल्या लेस्टरला गेले आणि तिथे दुकानं काढली. दक्षिण आफ्रिकेत वस्त्यांमधल्या स्पाझा म्हणजे छोट्या किराणा दुकानांत त्यांनी एकत्र खरेदी, कमी नफा आणि सुट्या मापाने विक्री या जोरावर जम बसवला. 2008 च्या दंगलींत ती दुकानं लुटली गेली, माणसं मारली गेली. लिंपोपो प्रांतात अधिकारी निर्वासितांची दुकानं बंद करत होते, तेव्हा 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्यांचा धंदा करण्याचा हक्क मान्य केला. नैरोबीच्या ईस्टलीमध्ये निर्वासितांनी गारिसा लॉज नावाच्या लॉजच्या खोल्यांत माल मांडायला सुरुवात केली आणि त्यातून पूर्व आफ्रिकेतली एक मोठी बाजारपेठ झाली. एप्रिल 2015 मध्ये केनिया सरकारने तिथल्या 13 हविलाद कंपन्यांचे परवाने थांबवले, दोनेक महिन्यांत पुन्हा दिले. ईस्टलीतल्या व्यापाऱ्यांचं बळ मला एका गोष्टीत दिसतं: नातलग आणि ओळखीच्या माणसांनी पैसा एकत्र करून अख्ख्या इमारती उभ्या केल्या. मिनियापोलिसमध्ये बहुतेक जण अजून भाडेकरूच आहेत.

म्हणून इथल्या पुढच्या पिढीला मी वेगळ्या जागा दाखवतो. ही मुलं नर्स झाली, हिशेबनीस झाली, शहराच्या कौन्सिलवर आणि विधानसभेत गेली. त्यांना आईचा गाळा चालवायचा नाही, आणि ते बरोबरच आहे. पण आईची ओळख आणि मुलीचं शिक्षण एकत्र आलं तर मोठा धंदा होतो. ट्रकवाल्यांना विमा आणि मालाची बुकिंग करून देणारं कार्यालय घ्या. शेकडो ट्रक आपल्याच माणसांचे, कमिशन मात्र दुसऱ्याच्या खिशात जातं.

सगळ्यात मोठी संधी मला हलाल बोकडाच्या मटणात दिसते. मॉलमधल्या प्रत्येक खाणावळीत ते लागतं, ईदला तर पुरत नाही. अमेरिकेत विकलं जाणारं बोकडाचं मटण मुख्यतः ऑस्ट्रेलियातून गोठवून येतं. इथे मिनेसोटात कुरणं आहेत, शेळ्या पाळायला तयार शेतकरी आहेत, गिऱ्हाईक दारात आहे. मधली साखळी अपुरी आहे: सरकारी निरीक्षकासह चालणारा, हलाल पद्धतीचा छोटा कत्तलखाना आणि शीतगृह. शीतपेट्या, सरकते हूक, गाडी ही सगळी मुराबहात चोख बसणारी यंत्रसामग्री. रक्कम मोठी, एका अय्यूतोच्या आवाक्याबाहेरची. पण पाच-सहा खाणावळवाले लेखी भागीदारी करून बसले आणि वर्षभराच्या खरेदीची हमी कागदावर दिली, तर असं प्रकरण मी उद्या मंजुरीला लावायला तयार आहे.